जुन्या सिंगर शिवणमशीनचे पार्ट शोधताय? या चुका टाळा (आणि तो आटे पाडायचा टॅप आधी खाली ठेवा)

मे संपत आला की माझ्याकडे मशीन दुरुस्तीला रांग लागते. रिक्षाचे हूड शिवणारे, ताडपत्रीवाले, गाडीच्या सीटवाले, सगळ्यांना पावसाच्या तोंडावर आठवतं की आपली मशीन शिमग्यापासून खडखडतेय. मशीन कुठली, तर आजोबांनी घेतलेली सिंगर ३१के, नाहीतर चप्पलवाल्याकडची २९के, क्वचित एखादी जाडजूड ४५के. मशीनबद्दल माझी काही तक्रार नाही, ह्या मशीनी आपल्या नातवंडांनाही पुरतील. तक्रार आहे ती माझ्याकडे यायच्या आधी तिच्यावर जे घरगुती उपचार झालेले असतात त्यांच्याबद्दल.

पहिला घोळ नंबरचा. फोन येतो, "दादा, सिंगरचं शटल हवंय, जुनी मशीन आहे, काळी." (शटल म्हणजे सुईखाली फिरून टाका अडकवणारा पार्ट.) अरे सगळ्याच काळ्या आहेत! मग नंबर विचारला की लोक सीरियल नंबर वाचून दाखवतात. त्यावरून मशीन कुठल्या साली बनली ते कळतं, शटल कुठलं बसेल ते नाही कळत. पार्टसाठी लागतो तो क्लास नंबर, ३१के२० वगैरे. ३१ हा मशीनचा प्रकार, के म्हणजे स्कॉटलंडमधला क्लाइडबँकचा किलबोवी कारखाना आणि २० ही त्यातली पोटजात. तो कारखाना १९८० सालीच बंद झालाय, त्यामुळे "कंपनीकडून मागवू" हे डोक्यातून काढा. अजून एक, बऱ्याच ओरिजिनल पार्टवर पार्ट नंबर ठोकलेला असतो, बारीक. तो फडक्याला डिझेल लावून पुसायचा असतो. लोक काय करतात, गंज दिसला की पार्ट थेट ग्राइंडरवर धरतात. पार्ट चकचकीत, नंबर गायब.

आता माझं खरं दुखणं, आटे.

सिंगरच्या मशीनमधले आटे आपल्या नेहमीच्या एमएमच्या आट्यांत बसत नाहीत, इंचातल्या साध्या बोल्टशीही जुळत नाहीत. शिवणमशीनचे आटे ही वेगळीच जमात आहे. ९/६४ ला ४० आटे, ११/६४ ला ४०, ३/१६ ला २८, असे. ९/६४ इंच म्हणजे ३.५७ एमएम आणि इंचाला ४० आटे म्हणजे दोन आट्यांत अंतर ०.६३५ एमएम. आता हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साडेतीन एमएमचा स्क्रू घ्या, त्याचं अंतर ०.६. दोन-तीन फेरे मस्त जातो, तुम्ही खूश, आणि मग अडतो. इथे शहाण्या माणसाने थांबायचं असतं. पण आपला माणूस पक्कड आणतो.

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हाची गोष्ट. एका हूडवाल्याची ३१के२० दुकानात चिखलाखाली होती. माणूस हुशार, पाणी उतरल्या उतरल्या मशीन गोड्या पाण्याने धुतलंन, डिझेलमध्ये भिजवलंन, ऑइल मारलंन, शंभर टक्के बरोबर केलंन. फक्त फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, धरणारा स्क्रू गंजून अडकला होता. मी सांगितलं होतं की तीन दिवस डिझेल सोडत राहा, चौथ्या दिवशी मी येतो. पण गिऱ्हाईक दारात, दुसऱ्याच दिवशी ओळखीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याला बोलावलंन. त्याने स्क्रूचं डोकं मोडलंन, मग ड्रिल मारलंन, आणि वर चार एमएमचा टॅप फिरवलान. ज्या भोकात आधीच ३.५७ चे आटे आहेत त्यात चारचे आटे पाडायचे म्हणजे नांगरलेल्या शेतात परत तिरका नांगर घालायचा, ना हे धड ना ते धड. त्यात ड्रिल हातात धरून मारलेलं, म्हणजे भोक वाकडं. फूट केसभर तिरका बसला. आठवडाभर चालली मशीन. मग रेक्झिनच्या चार पदरांवर सुई फुटावर आपटली, तुटली, तुकडा शटलमध्ये गेला आणि शटलचं टोक उडालं. दहा-वीस रुपयांच्या स्क्रूसाठी शटल गेलं, फूट गेला, फुटाचा दांडा गेला. मला फोन आला तेव्हा पहिलं वाक्य काय होतं? "दादा, शटल डुप्लिकेट लागतंय बहुतेक."

दांडा शेवटी माझ्याकडच्या एका मेलेल्या मशीनचा काढून घातला. म्हणून सांगतो, मेलेली ३१के भंगारात घालू नका. किलोवर विकून जे हातात येतं त्यात एका वेळच्या बांगड्यांचं भागेल, पण तिच्यातले स्क्रू तुम्हाला मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरच्या हार्डवेअर बाजारातही पटकन मिळणार नाहीत. माझ्याकडे बिस्किटाचा पत्र्याचा डबा आहे, त्यात प्रत्येक मशीनची पुडी वेगळी, वर चिठ्ठी. आटे नुसते चिखलाने किंवा गंजाने भरले असतील तर नवा टॅप शोधत बसू नका, त्याच मापाचा जुना चांगला स्क्रू घ्या, त्रिकोणी कानशीने त्याला तीन उभ्या खाचा पाडा, थेंबभर ऑइल, आणि हाताने हळूहळू, अर्धा फेरा पुढे पाव फेरा मागे. झाले आटे साफ. पुस्तकात ही रीत असेल-नसेल, मी वीस वर्षं हेच करतोय.

दुसरं दुखणं लेथचं. पार्ट मिळत नाही म्हणून बनवून घेणं ह्यात चूक काहीच नाही, कुडाळ-रत्नागिरीत चांगले टर्नर आहेत, अगदीच अडलं तर कोल्हापूर घाटावर बसलंय. चूक ही की झिजलेला दांडा टर्नरच्या हातात देऊन "हुबेहूब असाच कर" म्हणायचं. तो बिचारा करतो हुबेहूब, झिजेसकट! सुईचा दांडा बुशमध्ये (ज्या नळीतून तो वरखाली सरकतो ती) जिथे घासतो तिथे तो बारीक झालेला असतो, जिथे कधीच घासत नाही तिथे मूळ माप शिल्लक असतं. ते माप घ्यायचं, व्हर्नियर नव्हे, मायक्रोमीटरने, चार जागी. आणि नुसता दांडा बदलून बुश जुनंच ठेवलंत तर खडखड तशीच राहणार. एकाने कापड पुढे सरकवणारे खालचे दाते एमएसमधून, म्हणजे साध्या मऊ लोखंडातून, कापून आणले होते, दिसायला सुंदर, ताडपत्रीवर दोन महिन्यांत गुळगुळीत. दात्यांना पोलाद लागतं आणि त्याला पाणी द्यावं लागतं, म्हणजे तापवून बुडवून कडक करावं लागतं. पाणी नीट चढलंय का बघायला कानस फिरवा, घसरली पाहिजे. चावली तर पार्ट परत द्या, पैसेही थांबवा.

बाकीच्या बारक्यासारक्या:

मशीनचं बीडाचं (ओतीव लोखंडाचं) अंग तडकलं तर गेट जोडणाऱ्याकडे नेऊन साध्या रॉडने वेल्डिंग करू नका, शेजारीच नवी चीर जाते. पितळेने, गॅसवर.

व्हॉट्सअ‍ॅपवर पार्टचा फोटो पाठवताना बाजूला पट्टी ठेवा. तळहातावर ठेवलेल्या पार्टवरून मला फक्त तुमचं नशीब सांगता येईल.

लुधियानाचे ३१के चे पार्ट वाईट नसतात, पण ते लुधियानाच्या मशीनला डोळे मिटून बसतात, स्कॉटलंडच्या मशीनला कानस-पॉलिश पेपर लागतोच. काढल्या काढल्या बसला नाही म्हणून हातोडी मारू नका.

कोकणकन्येने रात्री निघून मुंबईच्या चोर बाजारात पार्ट शोधायला जाणार असाल तर जुना तुटका पार्ट खिशात घेऊन जा. "आठवतंय मला माप" म्हणणारे सगळे हात हलवत परत आलेत.

टाके सुटतात म्हणून शटल बदलण्याआधी सुई बघा. डीबीएक्स१ जातीच्या सुईचा दांडा १.६२ एमएम, डीपीएक्स५ चा २ एमएम, आणि घरगुती सुईला एक बाजू चपटी. कुठली तरी सुई कशीतरी कसून बसवली की शटलचं टोक सुईचा धागा उचलत नाही, दोष मात्र शटलला.

आणि खोबरेल. कोकणात राहून हे लिहावं लागतं. खोबरेल केसांना, मशीनला नाही. २४-२५ डिग्रीच्या खाली ते थिजतं आणि वर्षानुवर्षं साचलं की लाखेसारखं होतं. गुहागरकडे एका काकूंची मशीन डिसेंबरात जाम झाली, चाक फिरेना. पुतण्याने शटल मोडलं असं ठरवून ऑनलाइन नवं मागवलंन, तेही दुसऱ्याच क्लासचं. मी जाऊन पाहतो तर सगळीकडे पिवळं मेण. दोन तास डिझेल, जुना टूथब्रश, मग मशीनचं पांढरं ऑइल, आणि चाक बोटाने फिरायला लागलं, आतलं शटल ठणठणीत. ते नवं शटल मला बरोबर दुसऱ्या एका गिऱ्हाईकासाठी हवं होतं, अर्ध्या किमतीत मागितलं. काकू म्हणाल्या, "असू दे रे, कधी लागलं तर?" कपाटात साड्यांखाली ठेवलंय, अजून पॅकबंद.