आरएक्स 100 मातीच्या रेससाठी: आधी मापं, मग ग्राइंडर

सातारा-सांगली पट्ट्यात 100 सीसीचं टू-स्ट्रोक रेसला तयार करायचं म्हटलं की टेबलावर बहुतेक वेळा यामाहा आरएक्स 100चंच इंजिन येतं. बोर (सिलिंडरचा व्यास) 50 मिमी, स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) 50 मिमी, 98 सीसी, कंपनीच्या आकड्यानुसार 7,500 आरपीएमला 11 पीएस. 1996 नंतर ही गाडी बनली नाही. म्हणजे हातातलं इंजिन तीसेक वर्षांचं तरी आहे आणि ते किती हातांतून गेलंय याचा पत्ता नाही. अशा इंजिनावर पहिल्याच दिवशी ग्राइंडर लावणं ही सगळ्यात महागडी चूक. कापलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही.

खाली दिलेलं काम बंदिस्त ट्रॅकवरच्या गाडीचं आहे. हे इंजिन मैदानापर्यंत टेम्पोतून न्यायचं, रस्त्यावर चालवायचं नाही.

ब्लॉक (सिलिंडर) बोरिंगला देण्याआधी ज्या क्लासमध्ये उतरायचं त्याचे नियम वाचा. 0.25 ओव्हरसाइजला, म्हणजे बोर 0.25 मिमीने वाढवल्यावर, इंजिन 99.16 सीसी होतं, 0.50 ला 100.15. क्लासची मर्यादा काटेकोर 100 सीसी असेल आणि ओव्हरसाइजची सूट नसेल, तर दुसऱ्याच बोरला गाडी बाद होते. म्हणून रेसचा ब्लॉक स्टँडर्ड किंवा फार तर 0.25 वरचा शोधा, त्यासाठी दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. बोरिंगवाल्याला पिस्टन हातात द्या आणि त्याच पिस्टनच्या मापावर 0.05 मिमी क्लिअरन्स ठेवायला सांगा. रस्त्याच्या गाडीचा घट्ट बोर मातीत, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर सतत ओढताना जाम होतो. रिंगचं तोंड बोरमध्ये 0.20 मिमीपेक्षा कमी नको.

आता गळती. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे क्रँक फिरतो तो खालचा डबा, हा पंप आहे, आणि पंपाला भोक असेल तर पुढचं सगळं ट्युनिंग वाया. मॅग्नेटच्या बाजूचं ऑइल सील कडक झालं की तिथून हवा आत ओढली जाते, मिक्श्चरमध्ये पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूने ओरबाडला जातो. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअर ऑइल जळून पांढरा धूर येतो, तो निदान डोळ्यांना दिसतो. मॅग्नेटकडचं सील गुपचूप मारतं.

तपासणीला डायलचं बीपी मशीन पुरतं. जुन्या प्लगमधली चिनीमाती फोडून काढा, त्यात पितळी नळी पक्की बसवा आणि मशीनचा पाइप तिला जोडा. एक्झॉस्टच्या तोंडावर रबर शीट ठेवून वरून पट्टी आवळा, कार्ब्युरेटरच्या जागी रबरी बूच घट्ट मारा. पिस्टन खाली आणा, म्हणजे ब्लॉक आणि क्रँककेस एकत्र तपासले जातील. फुगा दाबून काटा 300 वर न्या. हा दाब साधारण 5.8 पीएसआय होतो, यापेक्षा जास्त देऊ नका, सील उलटतं. सहा मिनिटं काट्यावर नजर ठेवा. मिनिटाला 50 अंकांपेक्षा जास्त उतरला तर इंजिन खोलायचंच. रेसच्या इंजिनाला खरं तर सहा मिनिटांत जेमतेम 20-30 अंक उतरायला हवेत. साबणाचं पाणी ब्रशने ब्लॉकखालच्या पॅकिंगवर, केसच्या जोडावर आणि मॅग्नेट काढून सीलच्या ओठावर लावा. बारीक फेस हळूहळू फुगत जातो, तिथे गळती. ऑइल पंप काढून प्रीमिक्सवर (पेट्रोलमध्येच तेल मिसळून) जाणार असाल तर पंपाचं भोक आणि नळीची जागाही याच वेळी बंद करून तपासा, कारण ती हमखास विसरली जाते.

हेडचं काम स्क्विशच्या मापाने सुरू होतं. पिस्टनच्या कडेची आणि हेडची फट म्हणजे स्क्विश. दीड-दोन मिमी जाडीच्या सोल्डर तारेचे दोन तुकडे पिस्टनवर ग्रीसने चिकटवा, एक डावीकडे, एक उजवीकडे, पिनच्या रेषेत आणि टोकं थेट भिंतीला टेकतील असे. पिनच्या रेषेत एवढ्यासाठी की पिस्टन पुढे-मागे झुकतो, त्या बाजूंना माप खोटं येतं. हेड आवळा, किकने नव्हे तर पान्याने क्रँक एक फेरा फिरवा, हेड काढून तारेचं दबलेलं टोक व्हर्नियरने मोजा. आपल्याला 0.9 ते 1.0 मिमी हवं. 0.8 च्या खाली जाऊ नका. 9,000 च्या वर जुन्या क्रँकच्या बेअरिंगमधली ढिलाई आणि रॉडचा ताण मिळून पिस्टन हेडला टेकतो.

जास्तीची फट हेडचा चेहरा उतरवून कमी करा. कुपवाड, मिरज किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत जॉबवर्कवाला लेथ शोधायला वेळ लागत नाही. अट एकच, टर्नरने हेड धरल्यावर डायल लावून ते सरळ फिरतंय हे दाखवलं पाहिजे. घरी आल्यावर जाड काचेवर 400 नंबरचा पेपर ठेवून चेहरा इंग्रजी 8 च्या आकारात घासा. सगळीकडे सारखी चमक आली की सपाट झालं. फट 0.5 मिमीने कमी केली की वरची जागा जवळजवळ 1 सीसीने घटते. काम झाल्यावर ती जागा सिरिंजने तेल भरून, प्लगच्या आट्यांच्या तळापर्यंत मोजा. 98 ला त्या आकड्याने भागून 1 मिळवा, हा कॉम्प्रेशन रेशो. पंपावरच्या पेट्रोलवर, एअर-कूल्ड इंजिनात ही बेरीज 12 च्या वर नेऊ नका. 9 सीसी उरली तर उत्तर 11.9 येतं, तिथेच थांबा.

मग पोर्ट, म्हणजे ब्लॉकच्या भिंतीतली भोकं: एक्झॉस्टमधून जळलेला गॅस बाहेर जातो, ट्रान्सफरमधून ताजं मिक्श्चर वर येतं. क्रँकवर डिग्री व्हील (अंशांची चकती) लावा. टीडीसी, म्हणजे पिस्टनची सगळ्यात वरची जागा, डोळ्यांनी पकडू नका. प्लगच्या भोकातून बोल्ट सोडून पिस्टन वर पोहोचण्याआधीच अडवा, दोन्ही दिशांनी फिरवून दोन आकडे घ्या, त्यांचा बरोबर मध्य म्हणजे टीडीसी. आता एक्झॉस्ट आणि ट्रान्सफर किती अंश उघडे राहतात ते लिहून ठेवा. गाडीची मूळ मापं लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मातीच्या ट्रॅकवर वळणातून निघताना ओढ लागते, नुसता वरचा आरपीएम कामाचा नाही. एक्झॉस्ट 184 ते 186 अंश, ट्रान्सफर 124 ते 126 ही जोडी जमते. 186 आणि 126 मधला फरक 60, त्याचा निम्मा 30 अंश हा जळलेल्या गॅसला बाहेर पडायचा वेळ. हा वेळ 28 च्या खाली गेला तर ट्रान्सफर उघडताच गरम गॅस खाली घुसतो आणि वरच्या आरपीएमला इंजिन गळा धरल्यासारखं अडतं. 192-195 पर्यंत एक्झॉस्ट उचललेली (पोर्टची वरची कड वर कापलेली) इंजिनं स्टँडवर फार गोड ओरडतात आणि मैदानात प्रत्येक वळणानंतर क्लच जाळतात.

ग्राइंडरआधी पॅकिंगचा विचार करा. ब्लॉकखाली 0.5 मिमी जादा पॅकिंग दिलं की एक्झॉस्ट सुमारे 2.3 अंशांनी आणि ट्रान्सफर जवळजवळ 3 अंशांनी वाढतं, तेही सगळे ट्रान्सफर एकसारखे. हाताने कापताना डावं-उजवं सारखं येणं अवघड असतं. स्क्विश तेवढीच वाढते, म्हणून पॅकिंग ठरवूनच हेड लेथला द्या. राहिलेलं एक्झॉस्ट हाताने उचला. लायनरवर मार्कर फासून सुईने रेघ ओढा, एका वेळी 0.3 मिमी कापा, ब्लॉक चढवा, पुन्हा मोजा. या स्ट्रोकला 1 मिमी उचलणं म्हणजे साधारण साडेचार अंश, यावरून हात किती हलका हवा ते कळेल. रुंदी सरळ रेषेत मोजून 32 मिमीपर्यंत, वरची कड कमानीसारखी. सपाट आणि रुंद पोर्टमध्ये रिंग बाहेर फुगते, कडेला अडकते आणि तुटते. शेवटी सगळ्या कडा 0.5 मिमीने गोल करा आणि बोट फिरवा. बोटाला जाणवलेली धार रिंगलाही जाणवणारच. ब्लॉक केरोसीनने, मग साबण-पाण्याने धुवा. होनिंगची पूड नुसत्या केरोसीनने निघत नाही.

एक्स्पान्शन चेंबर (रेसचा फुगीर एक्झॉस्ट पाइप) तयार घ्या किंवा पत्र्याचा बनवून घ्या, पण लांबी तपासा. 43,000 गुणिले एक्झॉस्टचे अंश, भागिले ज्या आरपीएमला ताकद हवी तो आकडा. 186 अंश आणि 9,500 ला 842 मिमी येतात, पिस्टनच्या तोंडापासून मागच्या कोनाच्या आतपर्यंत. मागची बारीक नळी आवाजासाठी आणखी बारीक करू नका, उष्णता आत कोंडून पिस्टनच्या माथ्याला भोक पडतं.

ठिणगीचं टायमिंग मॅन्युअलच्या आकड्यावर डायल गेजने लावा. टीडीसीआधी 20 अंशांच्या आसपास 1 अंश म्हणजे पिस्टनचा 0.18 मिमी प्रवास. कॉम्प्रेशन वाढवल्यावर टायमिंग पुढे घ्यायचा मोह टाळा. प्लग एक पायरी थंड, एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये 8 चा 9. काही कंपन्यांचे आकडे उलटे चालतात, खोका वाचून घ्या.

प्रीमिक्स 25 ला 1, म्हणजे लिटरला 40 मिली. इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये पाणी शिरलं की थर वेगळे होतात, म्हणून मिश्रण त्याच दिवशी करा आणि उरलेलं पुढच्या रेसला ठेवू नका. शिवाय इथेनॉलमुळे मिक्श्चरमध्ये पेट्रोल कमी पडतं, तेव्हा मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र) मुद्दाम दोन-तीन नंबर मोठा टाकून सुरुवात करा. इंजिन वरती अडखळत, भसभसत असेल तर एकेक नंबर उतरवा. पाव ते पाऊण थ्रॉटलचा दोष कार्ब्युरेटरच्या सुईचा असतो, क्लिप एक खाच खाली म्हणजे पेट्रोल जास्त. पूर्ण थ्रॉटलवर एक लांब ओढ घ्या, क्लच दाबून तिथेच इंजिन बंद करा, प्लग काढा. चिनीमातीच्या मुळाशी तपकिरी कडं हवं. पांढरंफटक असेल किंवा चांदीसारखे बारीक ठिपके दिसले तर पुढची ओढ घेऊ नका, ते ठिपके पिस्टनचे आहेत.

सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, पाचगणी तेराशेच्या आसपास. तिथे हवा विरळ, सांगलीचं जेटिंग तिथे जड पडतं, पेट्रोल जास्त होतं. त्याहून फसवा आहे हिवाळा. पहाटे 12 अंशांची हवा दुपारच्या 30 अंशांपेक्षा सहाएक टक्के दाट असते. दुपारी बरोबर बसवलेला जेट दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या हीटला (रेसच्या फेरीला) लहान पडतो आणि इंजिन तिथेच जाम होतं. सकाळी एक नंबर मोठा जेट टाका.

काळ्या रानाची धूळ पिठासारखी बारीक असते. फोमला फिल्टर ऑइल चोळून, पिळून, बूटाच्या कडेला ग्रीस लावून बसवा आणि प्रत्येक हीटनंतर धुतलेला दुसरा फोम चढवा. पहिल्या सरावानंतर इंजिन पूर्ण गार होऊ द्या, हेडचे नट आडवे-तिडवे पुन्हा आवळा आणि एक्झॉस्टच्या तोंडातून टॉर्च मारून पिस्टनची कड पाहा. तिथे उभ्या रेघा दिसल्या तर त्या दिवशी गाडी टेम्पोत परत चढवा.