किचनची शटरं पुसताना या चुका टाळा

दसरा ते दिवाळी म्हणजे आम्हा मॉड्युलर किचनवाल्यांची सुगी. नवीन कामं कमी आणि 'जरा येऊन बघून जाता का' असे फोन जास्त. बघायला गेलं की गोष्ट तीच. तेलकटपणामुळे वाया गेलेलं शटर, म्हणजे कपाटाचं दार, मला क्वचित दिसतं. पुसून पुसून वाया घालवलेली मात्र दरवर्षी दिसतात.

पहिली चूक कापड हातात घेण्याआधीच होते. आपल्या शटरवर काय बसवलंय हेच घरात कुणाला माहीत नसतं. विचारलं की उत्तर येतं, 'ते चकचकीतवालं.' चकचकीत अ‍ॅक्रिलिकही असतं (प्लास्टिकचा थर), पीयू पेंटही (पॉलियुरेथेनचा रंग) आणि ग्लॉसी सनमायकाही. दार उघडा आणि कड बघा. समोरचा पापुद्रा कडेवरून सलग वळलाय आणि मागची बाजू साधी पांढरी आहे, तर ते मेंब्रेन, म्हणजे एमडीएफवर (लाकडाचा बारीक भुगा दाबून केलेल्या बोर्डवर) तापवून ओढून बसवलेला पीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा, पातळ थर. कडेला वेगळी पट्टी लावलेली आहे आणि सांधा नखाला लागतोय, तर सनमायका किंवा अ‍ॅक्रिलिक. पट्टीही नाही, पापुद्राही नाही, कड सरळ रंगवलेली आहे, तर बहुधा पीयू. तरी कळलं नाही तर किचनचं जुनं कोटेशन शोधा, त्यात लिहिलेलं असतं.

अ‍ॅक्रिलिकवर स्पिरिट, सॅनिटायझर, थिनर

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हे सांगून सांगून माझा घसा बसलाय.

चिंचवडला एका काकूंकडे लालभडक अ‍ॅक्रिलिकचं किचन होतं. त्यांनी ते जिवापाड जपलेलं. सुट्टीत आलेल्या नातवाने उंच युनिटच्या दोन्ही दारांवर कार्टूनचे स्टिकर चिकटवले. स्टिकर ओढल्यावर मागे गोंद राहिला. जावईबापू मदतीला धावले आणि कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन लागले घासायला. त्या रिमूव्हरमध्ये अ‍ॅसिटोन होतं आणि अ‍ॅसिटोनमध्ये अ‍ॅक्रिलिक चक्क विरघळतं. पृष्ठभाग चिकट झाला आणि कापसाचे तंतू त्यात रुतले. जावयांना वाटलं, गोंद अजून निघाला नाही. त्यांनी आणखी जोर लावला. मग घरातला पॉलिश पेपर काढला. मी पोहोचलो तेव्हा दोन्ही दारांवर ताटाएवढे पांढुरके चट्टे होते आणि जावई बाल्कनीत फोनवर बोलत उभे होते.

तो लाल रंग तोवर बाजारातून बंद झालेला. शेवटी ती दोन दारं पांढरी केली. काकू आता आल्यागेल्याला सांगतात की आम्ही मुद्दाम टू-टोन करून घेतलं.

स्टिकरच्या गोंदावर खोबरेल तेल लावा आणि रात्रभर सोडून द्या. सकाळी बोटाने गोळा होऊन निघतो. मग साबणाच्या पाण्याने तेल पुसून घ्या. खर्च काहीच नाही, फक्त रात्रभर थांबावं लागतं आणि तिथेच सगळ्यांचं घोडं अडतं.

सॅनिटायझरची गोष्ट याहून वाईट, कारण तो लगेच काही करत नाही. 2020 मध्ये घरोघरी दिसेल त्या वस्तूवर सॅनिटायझर फवारला गेला. त्यात साधारण 70 टक्के अल्कोहोल असतं. अ‍ॅक्रिलिक जिथे ताणात असतं, म्हणजे कडा, कोपरे, हँडलसाठी पाडलेली भोकं, तिथे अल्कोहोल शिरतं आणि कालांतराने कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा उमटतात. समोरून बघितलं तर काही नाही. संध्याकाळचं तिरकं ऊन पडलं की सगळं दिसतं. वरवरचे ओरखडे पॉलिश करून थोडेफार लपतात. या भेगा आतपर्यंत गेलेल्या असतात, त्यांना इलाज नाही. काचेवर मारायचा निळा स्प्रेसुद्धा याच यादीत घाला. त्यात बरेचदा अल्कोहोल किंवा अमोनिया असतो. 'काच चमकते मग शटर का नाही' असं मला विचारणाऱ्यांना मी हल्ली नुसता हसतो.

घासण्या

तारेची घासणी कुणी वापरत असेल तर त्याला मी काय सांगणार. हिरव्या घासणीबद्दल मात्र लोकांचा गैरसमज असतो की ती मऊ आहे. भांड्यावरची करपलेली साय निघावी म्हणून तिच्यात खरखरीत कण मुद्दाम भरलेले असतात. पांढरा 'जादूचा' स्पंजही तसलाच. तो मेलामाईनचा फेस असतो आणि अतिबारीक पॉलिश पेपरसारखं काम करतो. डाग जातो, त्याबरोबर त्या जागेची चमकही जाते. मॅट शटरवर उलटं होतं. घासलेली जागा चमकायला लागते आणि काळ्या मॅट किचनमध्ये तो चमकता ठिपका बाकीच्या डागांपेक्षा ठळक दिसतो.

कोरड्या फडक्याने धूळ झटकणं हीसुद्धा चूक. अ‍ॅक्रिलिकवर धुळीचे कण फिरवलेत की गोल गोल ओरखडे आलेच.

शटरवर थेट फवारा मारणं

डाग दिसला की बाटली उचलायची, फस्स फस्स करायचं आणि रीलमधल्या बाईसारखं वरून खाली पुसायचं. पाणी खाली ओघळतं, खालच्या कडेवर थांबतं आणि पट्टीच्या सांध्यातून आत झिरपतं. आत एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड असेल तर तो पाणी पितो आणि फुगतो. फुगलेला एमडीएफ वाळला तरी पुन्हा मूळ मापात येत नाही. सिंकखालच्या दारांची खालची कड आधी जाते, हे कुठल्याही घरात जाऊन बघा. कोकणात आणि मुंबईत पावसाळाभर हवाच दमट, त्यात ही भर कशाला?

फवारायचंच असेल तर फडक्यावर फवारा. मी स्वतः स्प्रे वापरतच नाही.

वाफेचंही तसंच. मेंब्रेनचा पापुद्रा उष्णतेने चिकटवलेला असतो आणि उष्णतेनेच सुटतो. कुकरची शिट्टी वरच्या कपाटाच्या नेमकी खाली येत असेल तर कुकर दुसऱ्या बर्नरवर ठेवा. आणि डीप क्लीनिंगची मुलं वाफेचं मशीन घेऊन आली तर त्यांना टाइल्स दाखवा, शटरं नको. चिमणीच्या जाळ्या धुवायचं कॉस्टिकचं पाणीही शेजारच्या दारावर उडू देऊ नका. अ‍ॅल्युमिनियमची हँडलं आणि कडेच्या पट्ट्या (प्रोफाइल) त्याने कायमची डागाळतात.

सोडा आणि व्हिनेगर

दोन्ही एकत्र केले की फेस येतो आणि बघणाऱ्याला वाटतं, काय ताकद आहे! आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात, उरतो थोडा क्षार आणि पाणी. नुसता सोडा घेऊन घासलात तर तोही खरखरीतच.

मग पुसायचं कसं?

फोडणीचं तेल हवेत उडून शटरवर बसतं आणि ऊब व हवा लागून हळूहळू घट्ट होतं, वॉर्निश वाळतं तसंच. सूर्यफूल आणि करडईचं तेल शेंगदाण्याच्या तेलापेक्षा लवकर असं घट्ट होतं. करडईचं तेल तर रंगातही वापरतात. म्हणजे तो थर खरवडायचा नसतो, मऊ करायचा असतो.

तांब्याभर कोमट पाणी, त्यात भांड्याच्या लिक्विड सोपचे चार थेंब. जुन्या बनियनचं किंवा धुवट पंचाचं फडकं त्यात बुडवून घट्ट पिळा आणि चिकट जागेवर नुसतं लावून धरा. पाचेक मिनिटं. तेवढ्यात चहा टाका. मग हलक्या हाताने पुसा, दुसऱ्या साध्या ओल्या फडक्याने साबण काढा, तिसऱ्या कोरड्याने टिपून घ्या. खालची कड शेवटी आणि नक्की कोरडी करा. थर जुना असेल तर तीनदा करा, पण जोर वाढवू नका. ओटा पुसायचं फडकं यासाठी नको, त्यात मीठ-साखरेचे कण अडकलेले असतात. लाकडी व्हिनियर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ थर, असेल तर फडकं आणखी कोरडं पिळा आणि रेषेच्या दिशेनेच पुसा.

'आधी मागच्या बाजूला करून बघा' असा सल्ला सगळीकडे मिळतो. आपल्याकडच्या बहुतेक शटरांची मागची बाजू साध्या पांढऱ्या लॅमिनेटची असते. तिथे काहीही लावा, काही होणार नाही आणि तुम्ही बेधडक पुढची बाजू घासायला घ्याल. तपासायचं तर समोरच्याच बाजूला, ओट्याखालच्या कोपऱ्यातल्या शटरवर, बिजागरीकडच्या खालच्या टोकाला.

संडास साफ करायचं अ‍ॅसिड सिंकखाली ठेवू नका. बाटली बंद असली तरी वाफा सुटत राहतात, बिजागऱ्या आणि ड्रॉवरच्या सरकपट्ट्या (चॅनल) गंजतात आणि दार तिरकं होऊन शेजारच्या दाराला घासू लागतं. मग तो ओरखडा कुठून आला म्हणून मला फोन येतो.

किचन नवं असेल तर शेड नंबर आणि कंपनीचं नाव आजच सिंकखालच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून टाका. बिल हरवतं, सुतार नंबर बदलतो आणि लाल रंगाच्या छटा दुकानदाराकडे डझनभर निघतात.