चित्रपुस्तकातून मुलांची भीती हाताळताना या चुका टाळा

जूनमध्ये बालवाडी सुरू झाली की तीन-चार वर्षांच्या बऱ्याच मुलांचं रोज सकाळी पोट दुखू लागतं. मग शाळेच्या भीतीवरचं चित्रपुस्तक घरात येतं, दोनदा वाचलं जातं आणि ‘काही उपयोग नाही’ म्हणून कपाटात जातं. बहुतेक वेळा चूक वाचण्याच्या पद्धतीत असते.

सर्वांत महागात पडणारं वाक्य म्हणजे, ‘बघ, ससा रडला का? मग तू का रडतोस?’ गोष्टीत भीती सशाची असते, म्हणून मूल तिच्याबद्दल बिनधास्त बोलतं. तो आडोसा आपणच काढून घेतला की ते गप्प बसतं. त्याऐवजी सशाच्या चेहऱ्यावर बोट ठेवून विचारा, ‘याला काय वाटत असेल?’ आणि मनात दहापर्यंत आकडे मोजा. उत्तर आपण पुरवायचं नाही. ‘त्याची आई येणारच नाही,’ असं मूल म्हणालं, तर लगेच ‘छे, असं काही नसतं’ म्हणू नका. ‘त्याला वाटतंय, आई येणारच नाही,’ एवढंच म्हणा आणि थांबा. खरी काळजी बहुधा पुढच्या वाक्यात बाहेर येते. एका वाचनात असे एक-दोन प्रश्न पुरेत. जास्त विचारले की परीक्षा होते.

रडारड चालू असताना पुस्तक उघडू नका. त्या क्षणी ऐकण्याची ताकदच नसते. आधी जवळ घ्या, पाणी द्या. झोपायच्या तोंडावर भीतीची गोष्ट वाचली, तर तीच डोक्यात घोळते. संध्याकाळची दहा मिनिटं बरी. शाळेसाठी आठ-दहा दिवस आधी सुरुवात करा. इंजेक्शनसाठी मात्र एक-दोन दिवस पुरतात, नाहीतर वाट पाहण्याचंच ओझं होतं. आणि ‘दुखणारच नाही’ हे कधीही सांगू नका.

भीतीचं पान आपण परस्पर गाळू नये. मुलाने स्वतः उलटलं तर उलटू द्या. तेच पुस्तक वीस वेळा मागितलं तरी वाचा. पुढे काय होणार हे ठाऊक असणं, हाच मुलाला धीर असतो.

निवडताना आधी एकट्याने वाचून बघा. पानावर दोन-तीन ओळी आणि चेहरे बोलके असावेत. परीने कांडी फिरवून भीती पळवली असेल, तर मुलाच्या हाती काहीच लागत नाही. नायकाने स्वतः छोटं पाऊल टाकलेलं हवं. आईपासून दूर जायची भीती असलेल्या मुलाला भुताचं पुस्तक दिलं, तर एक भीती वाढायचीच. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकं मोफत मिळतात.

पुस्तकातला उपाय प्रत्यक्षात आणला नाही, तर सगळं कागदावरच राहतं. गोष्टीत आईचा रुमाल खिशात असेल, तर तुम्हीही द्या. शाळेच्या फाटकाशी नजर चुकवून सटकू नका. ‘खाऊ खाऊन, गाणी म्हणून झाली की आजी येईल,’ असं सांगून निघा. ‘तीन तासांनी’ म्हणजे किती, हे या वयात कळत नाही.

पोटदुखी वारंवार होत असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. झोप, जेवण किंवा शाळा चार आठवडे बिघडलेलीच राहिली, तर समुपदेशकाची मदत घ्या. मानसिक आरोग्यासाठी फोनवरून मदत करणारी सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.