सोबतीसाठी बदकं पाळताय? मग या चुका टाळा

मुलं पुण्या-मुंबईला नाहीतर परदेशी, गावच्या घरात नवराबायको दोघंच किंवा त्यातलं एकच राहिलेलं, आणि मागे नारळ-पोफळीखाली भरपूर मोकळी जागा. अशा घरात कुणी बदकं आणायचं म्हटलं की मी लगेच हो म्हणते. खुराड्याचं दार उघडताच रांग धरून बाहेर पडणारी, दिवसभर चिखलात चोची खुपसत आपसात बडबडणारी ही पाखरं असली की घर जागं राहतं. सकाळी उठायला काहीतरी कारण मिळतं. एकट्या माणसाला त्याची किंमत फार असते.

तरीही बदकं आणून महिना-दोन महिन्यांत हिरमोड झालेली माणसं मला सारखी भेटतात. पिल्लं दगावलेली असतात, शेजाऱ्यांशी वाजलेलं असतं, नाहीतर बदकं जवळच येत नाहीत अशी तक्रार असते. या अडचणींच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट सापडते. माणसाने करायची सोबत आपण बदकाकडून मागत असतो. बदकाला सोबत लागते ती बदकांची. आपल्याला लागते ती माणसांची, आणि त्या माणसांपर्यंत पोचायला बदकं हे फार चांगलं निमित्त आहे.

एकटं पिल्लू आणणं

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. ऑस्ट्रियाचे प्राणिशास्त्रज्ञ कोनराड लोरेंझ यांनी कलहंसांच्या पिल्लांवर केलेलं काम प्रसिद्ध आहे. अंड्यातून बाहेर आल्यावर सुरुवातीच्या काळात जे हलतं-बोलतं समोर दिसेल त्याच्याच मागे पिल्लू लागतं. लोरेंझ यांच्या मागे पिल्लांची रांग चालली आहे असे फोटो अनेकांनी पाहिले असतील. प्राण्यांच्या वर्तनावरच्या अभ्यासासाठी १९७३ चं नोबेल त्यांना आणखी दोघांबरोबर मिळालं. बदकाचं एकटं वाढवलेलं पिल्लू आपल्या पायात घोटाळतं ते याचमुळे. घरच्यांना ते गोड वाटतं. पण तुम्ही बाजारात गेलात की तेच पिल्लू सतत ओरडतं, खाणं सोडतं, कोपऱ्यात चिकटून बसतं. आई हरवल्याचा तो आकांत असतो.

म्हणून कमीत कमी दोन, आणि जमलं तर तीन आणा. एकटं आधीच आणलं असेल तर त्याच वयाचं दुसरं शोधा. दोघांच्या मध्ये जाळी लावून तीन-चार दिवस एकमेकांना बघू द्या आणि मग सोडा. कोंबडीची सोबत दिली तर तेवढ्यापुरतं भागतं, पण कोंबडी पाण्यात उतरत नाही आणि बदकाची भाषाही बोलत नाही.

नर-माद्यांचं गणितही इथेच पाहून घ्या. अंडी हवीत म्हणून नर लागतो हा गैरसमज आहे. नर नसला तरी मादी अंडी देते, फक्त त्यातून पिल्लं निघत नाहीत. एका नरामागे चार-पाच माद्या नसतील तर तो माद्यांच्या मानेची पिसं उपटून त्यांना जखमी करतो. पिल्लं लहान असताना आपल्याला नर-मादी ओळखता येत नाही. दीड-दोन महिन्यांनी आवाज फुटतो. खणखणीत क्वॅक-क्वॅक करते ती मादी, आणि घोगरा, बसलेला आवाज नराचा. पुढे नराच्या शेपटीवर एक-दोन पिसं वर वळलेली दिसतात. नवख्यांनी दोन महिन्यांच्या तीन माद्या घेतल्या तर निम्म्या कटकटी वाचतात. जात विचाराल तर अंड्यांसाठी खाकी कॅम्पबेल. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमध्ये ॲडेल कॅम्पबेल या बाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती तयार केली, आणि चांगलं खाणं मिळालं तर ती वर्षाला अडीचशेच्या पुढे अंडी देते. मात्र ही जात सहसा अंड्यांवर बसत नाही. पिल्लं काढायची तर आपली खुडूक कोंबडीच कामाला येते. तिच्या स्वतःच्या अंड्यांना २१ दिवस लागतात, बदकाच्या अंड्यांना २८. तेवढा जादा आठवडा तिला घरट्यातच दाणापाणी द्या.

तळ्यावरून हळदी-कुंकू बदकाची किंवा अडईची पिल्लं उचलून आणू नका. रानपाखरं पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि ती पाखरं रमतही नाहीत.

ऊब आणि पाणी

पिल्लांच्या खोक्यावर एलईडी बल्ब लावलेला मी पुष्कळ ठिकाणी पाहिला आहे. उजेड लख्ख, पण ऊब नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लांना साधारण ३२ अंशांची ऊब लागते, मग ती आठवड्याला दोन-तीन अंशांनी कमी करत जायची. त्यासाठी जुन्या पद्धतीचा पिवळा, तापणारा बल्ब हवा. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढून बसली तर ऊब कमी पडते आहे, आणि कडेला जाऊन चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर जास्त होते आहे.

दुसरी चूक नेमकी उलट्या दिशेची असते. बदकाचं पिल्लू म्हणून पहिल्याच दिवशी टबात सोडतात. आईच्या पंखाखाली वाढलेल्या पिल्लाला तिच्या पिसांचं तेल लागतं. बल्बखाली वाढलेल्याच्या अंगावर ते नसतं. ते भिजतं, गारठतं आणि संध्याकाळपर्यंत संपतं. पिसं येईपर्यंत पोहणं नको.

मोठ्या बदकांना तळं नसलं तरी चालतं, पण डोकं बुडेल एवढं पाणी हवंच. गवंड्याचं घमेलं यासाठी उत्तम. बदक पाणी पिताना नीट बघा. चोच डोळ्यांपर्यंत बुडवून ते झटक्याने वर काढतं आणि नाकपुड्यांतून बुडबुडे येतात. नाक आणि डोळे ते असे धुतं. उथळ ताटलीत हे जमत नाही. मग डोळ्यांना चिकटा येतो, फेस दिसतो, आणि मालक डोळ्यांचं औषध शोधत फिरतो. पाणी खोल केलं की पुष्कळदा डोळे आपोआप साफ होतात. खाण्याशेजारीही पाणी पाहिजेच, नाहीतर कोरडं खाद्य घशात अडकतं.

खाण्यातल्या चुका, आणि त्यातली जीवघेणी

कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य बदकाच्या पिल्लांना एकट्याने पुरत नाही. त्यांना नायसिन, म्हणजे बी-३ जीवनसत्त्व, जास्त लागतं. ते कमी पडलं की पाय वाकतात आणि पिल्लू गुडघ्यांवर सरकू लागतं. खाद्यात ब्रूअर्स यीस्ट (हे जीवनसत्त्व असलेली यीस्टची पूड) मिसळलं आणि वेळेत लक्ष गेलं तर पिल्लू पुन्हा उभं राहतं. पाव आणि बिस्किटं बंद करा. त्याने पोट भरतं आणि पोषण होत नाही.

जीवघेणी चूक म्हणजे बुरशी धरलेली पेंड. १९६० मध्ये इंग्लंडात लाखभर टर्की पक्षी अचानक मेले, बदकांची पिल्लंही मेली. शोध घेतल्यावर कारण निघालं ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीतली बुरशी. तिच्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव पडलं, आणि बदकाचं पिल्लू या विषाला फारच हळवं असतं. कोकणातल्या पावसाळ्यात पोतं जमिनीवर ठेवलं की पेंडीला आठ दिवसांत वास येऊ लागतो. पोतं फळीवर ठेवा, पंधरा दिवसांपुरतंच आणा, आणि वास आला तर धुऊन, वाळवून पाहू नका, फेकून द्या. उन्हात वाळवल्याने विष जात नाही. बागेत गोगलगायींसाठी औषधी गोळ्या टाकल्या असतील तर बदकं तिकडे सोडू नका.

लंगडणाऱ्या बदकाचा तळवा उलटा करून बघा. मधोमध काळी खपली आणि सूज असेल तर ते टणक फरशीवर राहिल्याचं दुखणं आहे. खुराड्यात भाताचं तूस जाड पसरा आणि पाय दवाखान्यात दाखवा. मुंगूस, रानमांजर आणि मोकाट कुत्र्यांपायी रात्री दार बंद हवं. सकाळी आठ-साडेआठपर्यंत आतच ठेवलं तर अंडीही आतच मिळतात, कारण बदकं बहुधा पहाटे घालतात.

मांडीवर घ्यायची घाई

बदकाला उचललेलं आवडत नाही. पंखाखाली हात घालून रोज उचललं की ते तुम्हाला टाळायला शिकतं. त्यापेक्षा ठरल्या वेळी पाट टाकून बसा आणि भिजवलेल्या दाण्यांची वाटी शेजारी ठेवा. बोलत राहिलात तर उत्तम. दोन-तीन आठवड्यांत ती तुमच्या पायाशी बसून पिसं साफ करू लागतात. भेदरलेलं बदक असं कधीच करत नाही. नंतर हात साबणाने धुवा आणि अंडी पूर्ण शिजवून खा. म्हातारी माणसं आणि लहान मुलं असलेल्या घरात साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूंचा धोका हलक्यात घेऊ नये.

शेजाऱ्यांना शेवटी सांगणं

तीन माद्या एकदम ओरडल्या की चार घरं जागी होतात. आणायच्या आधी शेजारी जाऊन सांगा, खुराडं त्यांच्या खिडकीपासून लांब बांधा, घमेल्याचं पाणी रोज केळीच्या बुंध्याशी ओता. आणि अंडी वाटा. बदकाच्या अंड्यांचा केक छान फुलतो. ओळखीत बंगाली किंवा मल्याळी कुटुंब असेल तर त्यांच्याकडे या अंड्यांना खास मान आहे. चार अंडी घेऊन दारात उभं राहिलं की पुढचं बोलणं आपोआप सुरू होतं.

ग्रुपवर असूनही एकटं राहणं

बदकं-कोंबड्या पाळणाऱ्यांचे व्हॉट्सॲप आणि फेसबुकवर चिक्कार ग्रुप आहेत. त्यात शिरणं सोपं, रुळणं कठीण. बरीच माणसं महिनोन्महिने नुसती वाचत राहतात आणि एके दिवशी घाबरून लिहितात, ‘बदक आजारी आहे, काय करू?’ यावर कुणी काय सांगणार? वय, किती दिवसांपासून, काय खायला घालता, विष्ठेचा रंग, बाकीची बदकं कशी आहेत, आणि दिवसाउजेडी काढलेला एक फोटो एवढं लिहा. उत्तर देणाऱ्याला हुरूप येतो, आणि दुसऱ्या दिवशी ‘कसं आहे आता?’ असं तोच विचारतो. ओळख अशीच होते. बरं झालं की तेही कळवा. हे न कळवणारे फार असतात, आणि मदत करणाऱ्यांचा उत्साह त्यानेच मावळतो.

औषधाचा डोस मात्र ग्रुपवरून घेऊ नका. पशुसंवर्धन खात्याचा १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे, तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना आहे. डक प्लेग या बदकांच्या साथीच्या रोगावरच्या लसीचंही तिथेच विचारा. एकाच वेळी बरीच पाखरं मेली तर लपवू नका. भारतात पाळीव कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूची पहिली साथ फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नवापूरला आढळली. बदकं कधीकधी लक्षणं न दाखवताही तो विषाणू बाळगतात. तेव्हा मेलेल्या पाखरांना हात न लावता आधी फोन करा. पिल्लांसाठी अनोळखी माणसाला आगाऊ पैसे पाठवू नका. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर ताबडतोब कळवा.

ग्रुपमधल्या कुणाचं गाव एसटीने तासाभरावर असेल तर एकदा जाऊन या. खुराडं कसं बांधलंय, पाण्याचा निचरा कुठे जातो, हे दहा फोटोंत कळत नाही ते तिथे पाच मिनिटांत कळतं, आणि चहाबरोबर तासभर गप्पा होतात. इंग्लंडमध्ये गेट्सहेडच्या इक्वल आर्ट्स या संस्थेने ‘हेनपॉवर’ नावाचा उपक्रम चालवला आहे. त्यात वृद्ध माणसं स्वतः कोंबड्या सांभाळतात आणि त्या घेऊन शाळांमध्ये मुलांना भेटायला जातात. त्यातली मला पटलेली गोष्ट हीच, की त्यांनी कोंबड्या नेऊन दिल्या आणि माणसांना घरात बसू दिलं, असं केलं नाही.

बदकांपायी घरात अडकून पडणं

सोबतीसाठी आणलेल्या बदकांमुळे भाचीच्या लग्नाला जाता येत नाही, मुलाकडे चार दिवस राहता येत नाही, असं झालं की सगळाच बेत फसला. नीट सांभाळलेलं बदक आठ-दहा वर्षं जगतं. त्यामुळे सुरुवातीलाच वाडीतलं एखादं पोर किंवा ग्रुपमधलं जवळचं कुणी हाताशी तयार करा. आठवड्यातून एक दिवस तुम्ही घरी असतानाच सगळं काम त्यांच्याकडून करवून घ्या. किती मापं खाद्य, पाणी कधी बदलायचं, संध्याकाळी किती बदकं मोजून दार लावायचं, हे खुराड्याच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, आणि खाली दवाखान्याचा नंबर.