‘लेटर्स फ्रॉम इवो जिमा’वरील परस्परविरोधी मते कशी पारखावीत

अमेरिकी दिग्दर्शक क्लिंट ईस्टवुड यांचा, दुसऱ्या महायुद्धातील इवो जिमा बेटावरील लढाईवरचा ‘लेटर्स फ्रॉम इवो जिमा’ हा २००६ सालचा चित्रपट जवळजवळ पूर्णपणे जपानी भाषेत आहे आणि तो जपानी सैनिकांच्या बाजूने घडतो. कोणाला त्यात शत्रूलाही माणूस म्हणून पाहण्याचे धैर्य दिसते, तर कोणाला जपानी सैन्याच्या अत्याचारांवर घातलेले पांघरूण. मित्रमंडळींत किंवा चित्रपट मंडळात यावर चर्चा ठेवायची असेल, तर पडदा काळा होताच प्रत्येकाला आपले मत दोन ओळींत लिहून ठेवण्यास सांगावे. एकदा बोलणे सुरू झाले की पहिल्या वक्त्याच्या मताकडे बाकीचे नकळत झुकतात.

चित्रपट पाहण्यापूर्वी लढाईची ओळख करून घेणे आवश्यक आहे. इवो जिमा हे जपानचे सुमारे २१ चौरस किलोमीटरचे ज्वालामुखीजन्य बेट असून तेथील लढाई १९ फेब्रुवारी ते २६ मार्च १९४५ या काळात झाली. सुमारे २१ हजार जपानी सैनिकांपैकी फारच थोडे जिवंत हाती लागले, आणि अमेरिकेचेही सुमारे ६,८०० जण मारले गेले. सेनापती तादामिची कुरिबायाशी यांनी किनाऱ्यावर शत्रूला अडवण्याची रूढ पद्धत सोडून बेटाच्या पोटात भुयारे खोदवली आणि एकदम तुटून पडण्याच्या आत्मघातकी हल्ल्यांना मनाई केली. हे ठाऊक असले म्हणजे बेटावरील इतर अधिकाऱ्यांशी उडणारे त्यांचे खटके, अंधारी भुयारे आणि जवळजवळ रंग उडालेली दृश्ये यांचा अर्थ लागतो.

‘हा चित्रपट एकतर्फी आहे’ हे मत तपासताना त्याच दिग्दर्शकाचा, त्याच वर्षीचा आणि त्याच लढाईवरील ‘फ्लॅग्ज ऑफ अवर फादर्स’ही पाहावा. तो अमेरिकी बाजूने सांगितलेला आहे. दोन्ही मिळून एक जोडकाम आहे.

पांघरूण घातल्याचा आरोप प्रसंगांशी ताडून पाहावा. हाती लागलेल्या अमेरिकी सैनिकाला जपानी सैनिक संगिनींनी भोसकतात, बेटावरील सुरिबाची डोंगराच्या पोटातील तुकडी हातबॉम्बने स्वतःला संपवते, आणि केंपेताई या लष्करी पोलिसांचा अधिकारी एका कुटुंबाचा भुंकणारा कुत्रा ठार करायला लावतो. शरण गेलेल्यांना अमेरिकी पहारेकरी गोळ्या घालतात, हेही दिग्दर्शक लपवत नाही. मात्र चीन आणि फिलिपिन्समध्ये जपानी सैन्याने काय केले याचे चित्र येथे नाही, हे आरोप करणाऱ्यांचे म्हणणे खरे आहे. माझ्या मते एका बेटावरील लढाईच्या कथेकडून संपूर्ण युद्धाचा हिशेब मागता येत नाही. परंतु हा चित्रपट पाहून जपानी सैन्याविषयी सरसकट निष्कर्ष काढणाऱ्या प्रेक्षकाला ती उणीव दाखवून देणे आवश्यक आहे.

याहून बोचरा आक्षेप दुसराच आहे आणि त्यासाठी चर्चेत सर्वाधिक वेळ राखावा. प्रेक्षकाला सर्वात जवळचे वाटणारे दोन अधिकारी म्हणजे अमेरिकेत राहून आलेले कुरिबायाशी आणि १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीचे सुवर्णपदक जिंकलेले बॅरन ताकेइची निशी. अमेरिका पाहिलेला जपानी तेवढा उदार आणि न पाहिलेला कडवा, अशी विभागणी येथे झाली आहे का? हा प्रश्न मला चित्रपट पुन्हा पाहतानाही सुटला नाही. पटकथा आधी इंग्रजीत लिहून मग जपानीत आणली गेली, हे त्याला बळ देते. उलट बाजूने सैगो या काल्पनिक पाववाल्याकडे बोट दाखवता येते: अमेरिकेशी त्याचा काहीही संबंध नाही, बायको आणि न पाहिलेले मूल यांखेरीज त्याला कशाचीही ओढ नाही, आणि कथा बहुतांशी त्याच्याच डोळ्यांनी दिसते. दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्यांना नेमका प्रसंग सांगायला लावावा.

भारतीय प्रेक्षकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आझाद हिंद सेना जपानच्या साथीने लढली, तर १९४२ ते १९४५ या काळात जपानच्या ताब्यातील अंदमानातील लोकांनी छळ सोसला, आणि १९४४ साली मणिपूरमधील सांगशाक येथे मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान जपान्यांशी झुंजले. यांपैकी कोणती आठवण घेऊन आपण चित्रपट पाहिला, हे ज्याने त्याने आरंभीच सांगितले, तर पुढील मतभेद समजणे सोपे जाते.

अखेरीस जखमी अमेरिकी सैनिकाला त्याच्या आईने लिहिलेले पत्र निशी आपल्या माणसांना वाचून दाखवतात तो प्रसंग पुन्हा लावावा, ते ऐकणाऱ्या जपानी सैनिकांच्या चेहऱ्यांकडे पाहावे आणि मगच सुरुवातीला लिहिलेल्या त्या दोन ओळी उघडाव्यात.