बोटीतला एसी थंड करत नसेल तर आधी पाण्याची धार बघा

बोटीवरचा एसी गार हवा देईनासा झाला की लोक 'गॅस संपला असणार' म्हणून मोकळे होतात. बऱ्याचदा दोष असतो पाण्याचा. घरचा एसी आतली उष्णता बाहेरच्या हवेत टाकतो, क्रूझिंग बोटींवरचे बहुतेक एसी ती पंपाने आत घेतलेल्या समुद्राच्या पाण्यात सोडतात आणि ते पाणी बाहेर टाकतात. म्हणून एसी चालू असताना बाजूला वाकून बघा: बाहेर पडणारी धार सलग आणि जोरदार आहे का?

बारीक किंवा तुटक असेल तर एसी बंद करा, पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह बंद करा आणि गाळणी उघडा. शेवाळ, प्लॅस्टिकचा तुकडा, क्वचित एखादा लिबलिबीत जेलीफिशही हाती लागतो. गाळणी स्वच्छ असूनही धार नसेल तर बऱ्याचदा पंपात हवा अडकलेली असते. हे पंप सहसा स्वतःहून पाणी ओढत नाहीत. ते जलरेषेच्या, म्हणजे बोटीबाहेरच्या पाण्याच्या पातळीच्या, खालीच बसवलेले असायला हवेत, आणि पाणी आत आणणारा पाइप पंपापर्यंत कुठेही झोळ न पडता चढता हवा. व्हॉल्व्ह उघडून पंपातून बाहेर जाणारा पाइप किंचित सैल करा, हवा निघून पाणी झिरपलं की घट्ट आवळा.

आणि सावली! ताडपत्री डेकला चिकटवू नका, मधून वारा खेळू द्या. काचेच्या झडपांना झाकण बाहेरून घाला. आतल्या पडद्यापर्यंत ऊन पोचलं म्हणजे ते केबिनमध्ये आलंच. नुसता मोठा एसी बसवून भागत नाही, तो पटकन गार करून थांबतो आणि दमटपणा तसाच राहतो.