नाव नसलेला व्हॉल्व्ह रेडिओ ओळखताना

खानदेशात एखाद्या जुन्या धाब्याच्या घराची आवराआवर निघाली की भांडीकुंडी आणि पत्र्याच्या ट्रंकांबरोबर कधीकधी एक लाकडी रेडिओही उजेडात येतो. त्याचा पुढचा बिल्ला गळून पडलेला असतो, मागचा पुठ्ठा उंदरांनी कुरतडलेला असतो, आणि ‘आजोबांनी मुंबईहून आणला होता’ यापलीकडे घरच्यांना काही सांगता येत नाही. असे रेडिओ कोणत्या कंपनीचे आणि साधारण कोणत्या काळातले, हे ठरवण्याचा नाद मला इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतल्यानंतर लागला. या नादाला नव्याने लागणाऱ्यांसाठी मी हे लिहीत आहे. त्यातला बराच भाग माझ्या चुकांचा आहे.

पदविकेच्या अभ्यासक्रमात व्हॉल्व्हला, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधी रेडिओत असणाऱ्या काचेच्या निर्वात नळीला, दोन पानेही मिळाली नव्हती. खरे शिक्षण भुसावळच्या एका वृद्ध मेकॅनिककडे झाले, ज्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणत असू. मी पहिल्याच दिवशी कॅबिनेटच्या घडणीवरून अंदाज बांधू लागलो, तेव्हा ते अहिराणीत म्हणाले, “भाऊ, खोकं नको देखू, मझार देख.” मझार म्हणजे आत. खोके बदलता येते, बिल्ला दुसरा ठोकता येतो, बटणे तर कोणत्याही दुकानातून आणून बसवलेली असतात, चॅसिस, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसवलेले असतात तो पत्र्याचा सांगाडा, मात्र सहसा खोटे बोलत नाही.

आत पाहायचे म्हणजे सेट चालू करून पाहायचा असे नव्हे. वर्षानुवर्षे पडून राहिलेला रेडिओ थेट २३० व्होल्टला जोडला तर जुने कपॅसिटर फुटू शकतात आणि त्यांच्यामागून ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो. ओळख पटवण्यासाठी विजेची गरजच नसते. मागचा पुठ्ठा उघडून छायाचित्रे घ्यावीत आणि पुठ्ठ्याच्या किंवा कॅबिनेटच्या आतल्या बाजूस व्हॉल्व्हची मांडणी दाखवणारा कागद चिकटवलेला आहे का, ते पाहावे. त्यानंतर प्रत्येक व्हॉल्व्हवरचा क्रमांक त्याच्या जागेसह वहीत उतरवावा. या टप्प्यावर माझ्या हातून मोठी चूक झाली होती. काचेवरची धूळ मी ओल्या फडक्याने पुसली आणि धुळीबरोबर अक्षरेही गेली, कारण ती छपाई फार कच्ची असते. पुसट झालेला क्रमांक वाचायचा असेल तर काचेवर हलकेच तोंडाची वाफ सोडावी आणि बॅटरीचा प्रकाश तिरका टाकावा. पुष्कळदा अक्षरे क्षणभर उमटतात.

क्रमांक हाती आला की अर्धे काम झाले. युरोपीय पद्धतीत पहिले अक्षर फिलामेंटविषयी, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणाऱ्या आतल्या तारेविषयी सांगते. ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट, ‘यू’ म्हणजे १०० मिलिअँपिअरच्या एकाच ओळीत जोडायचा व्हॉल्व्ह आणि ‘डी’ म्हणजे सुमारे १.४ व्होल्टवर चालणारा बॅटरीचा व्हॉल्व्ह. पुढची अक्षरे त्याचे काम सांगतात: ‘सीएच’ फ्रिक्वेन्सी बदलणारा, ‘एफ’ संकेत वाढवणारा पेंटोड, ‘एल’ स्पीकरला शक्ती पुरवणारा, ‘झेड’ एसीचे डीसी करणारा रेक्टिफायर आणि ‘एम’ म्हणजे स्टेशन नेमके लागल्याचे हिरव्या प्रकाशाने दाखवणारा मॅजिक आय. त्यानंतरचा पहिला अंक बैठकीचा, म्हणजे व्हॉल्व्हच्या पायांच्या रचनेचा असतो. तीन असेल तर मध्ये चावी असलेला जाड पायांचा ऑक्टल, चार असेल तर आठ बारीक पायांचा आणि बाजूला छोटासा उंचवटा असलेला रिमलॉक, आठ असेल तर नऊ पायांचा नोव्हल आणि नऊ असेल तर सात पायांचा छोटा व्हॉल्व्ह. या बैठकींवरून काळाचा अंदाज येतो, कारण ऑक्टल १९३५च्या सुमारास आला, रिमलॉक दुसऱ्या महायुद्धानंतर आणि नोव्हल पन्नासच्या दशकात सर्वत्र पसरला. म्हणून ईसीएच ३५ असलेला सेट आणि ईसीएच ८१ असलेला सेट बाहेरून जुळ्या भावांसारखे दिसले तरी त्यांच्यात दहा-पंधरा वर्षांचे अंतर असू शकते. अमेरिकी पद्धतीत आरंभीचा अंक फिलामेंटचे व्होल्ट सांगतो, जसे ६ व्ही ६ किंवा १२ बीई ६. बाकीची माहिती मात्र तक्त्यातूनच काढावी लागते.

नवशिका येथे समाधान मानतो आणि फसतो. व्हॉल्व्ह उपटून दुसरा लावता येतो, म्हणून सॉकेटकडे पाहावे आणि त्याहून बारकाईने सॉकेटच्या भोकाकडे पाहावे. कारखान्यात यंत्राने पाडलेले भोक गोल आणि स्वच्छ कडेचे असते. रिमलॉक व्हॉल्व्ह मिळेनासे झाले तेव्हा आपल्याकडच्या मेकॅनिकांनी त्या जागी नोव्हलची सॉकेटे बसवली, आणि असे करताना भोक कानशीने वाढवले किंवा पत्र्याची चकती रिव्हेट करून लहान केले. माझ्याकडे आलेल्या एका सेटमध्ये चार सॉकेटे रिमलॉकची होती आणि पाचवे, स्पीकरला शक्ती पुरवणाऱ्या व्हॉल्व्हचे, नोव्हल होते. त्याच्याभोवती कानशीचे ओरखडे इतके स्पष्ट होते की बोटाला लागत. त्यातल्या ईएल ८४ वरून मी सेटचे वय ठरवले असते तर काही वर्षांची चूक पदरात पडली असती.

‘यू’ मालिकेचे व्हॉल्व्ह दिसले की हात आखडता घ्यावा. यूसीएच ४२, यूएफ ४१, यूबीसी ४१, यूएल ४१ आणि यूवाय ४१ या पाचांच्या फिलामेंटची बेरीज सुमारे ११७ व्होल्ट होते आणि २३० मधले उरलेले व्होल्ट एका जाड रेझिस्टरमध्ये उष्णतेच्या रूपाने खर्च होतात. अशा सेटमध्ये मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चॅसिस थेट विजेच्या एका तारेला जोडलेले असते. प्लग उलटा लागला तर सबंध चॅसिस जिवंत होते. मी एकदा बटण निसटले म्हणून चालू सेटचा उघडा दांडा धरला होता. तो झटका कोपरापर्यंत पोहोचला. ओळख पटवण्याच्या दृष्टीने मात्र ही रचना उपयोगी असते, कारण ती एसी आणि डीसी अशा दोन्ही पुरवठ्यांवर चालण्यासाठी केलेली होती. फिलिप्सच्या अनेक मॉडेलांत क्रमांकाच्या शेवटी ‘यू’ असेल तर सेट या प्रकारचा आणि ‘ए’ असेल तर केवळ एसीचा, असा अर्थ होतो.

खानदेशात मात्र वेगळाच प्रकार अधिक भेटतो. आपल्या खेड्यांत वीज उशिरा पोहोचल्यामुळे सधन शेतकऱ्यांच्या घरी बॅटरी सेट असत. डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६ आणि डीएल ९६ ही चौकडी दिसली की सेट पन्नासच्या दशकाच्या मध्यानंतरचा समजावा. त्याला ९० व्होल्ट आणि दीड व्होल्ट अशा दोन पुरवठ्यांची बॅटरी लागे. या सेटच्या पोटात मोठी रिकामी जागा दिसते आणि आतले काहीतरी काढून घेतले असावे असा संशय येतो. प्रत्यक्षात ती जागा बॅटरीचीच असते. चोपड्याकडच्या एका गृहस्थांना मी ‘तुमचा ट्रान्सफॉर्मर चोरीला गेला आहे’ असे गंभीरपणे सांगून आलो होतो, आणि नंतर फोन करून क्षमा मागितली.

डायलची काच हा माझ्या सर्वांत आवडीचा भाग आहे. त्यावर लाँग वेव्ह असेल तर सेट बहुधा युरोपातल्या गिऱ्हाइकासाठी बनलेला होता, कारण आपल्याकडे प्रक्षेपण मीडियम आणि शॉर्ट वेव्हवर होत असे. गावांची नावेही बोलतात. फाळणीच्या वेळी आकाशवाणीची नऊ केंद्रे होती, त्यांपैकी लाहोर, पेशावर आणि ढाका पाकिस्तानात गेली. नागपूर केंद्र १९४८ साली आणि पुणे १९५३ साली सुरू झाले. म्हणून काचेवर पुणे असेल तर ती काच १९५३च्या आधीची असण्याचा संभव फार थोडा. पुणे नाही, एवढ्यावरून मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण परदेशी कारखाने जुनीच यादी वर्षानुवर्षे छापत. जळगाव केंद्र सत्तरच्या दशकातले, तोवर घराघरांत ट्रान्झिस्टर आला होता. त्यामुळे लाकडी रेडिओवर आपले गाव शोधणाऱ्यांची निराशा होते. रेडिओ बाळगायला तेव्हा पोस्टाचा परवाना लागे; घरात त्या परवान्याचे जुने पुस्तक सापडले तर ते जरूर मागून घ्यावे. मी पाहिलेल्या काही पुस्तकांत सेटची बनावट आणि क्रमांक शाईने लिहिलेले होते.

हे सारे तपासूनही मर्फी, बुश, फिलिप्स, नॅशनल एको, जीईसी यांपैकी कशाशीच मेळ बसला नाही, तर सेट ‘असेंबल’ असण्याची शक्यता आधी घ्यावी आणि दुर्मीळ विदेशी असण्याची नंतर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून गावोगावचे मेकॅनिक रेडिओ बांधत असत, आणि त्यांतले काही कारखान्याच्या सेटपेक्षाही नेटके आहेत. हे मला साडेचार हजार रुपये मोजून कळले. धुळ्याच्या एका भंगारवाल्याकडे मी एका नामांकित जर्मन कंपनीचा बिल्ला असलेला सेट घेतला आणि वहीत ‘जर्मनी, १९५२’ असे ठळक लिहिले. डायलवर लाँग वेव्ह नाही याचे उत्तर मी ‘निर्यातीचा असेल’ असे स्वतःलाच दिले, आणि असे निर्यातीचे सेट खरोखर होतेही. दीड वर्षाने साफसफाईसाठी बिल्ला काढला, तेव्हा त्याच्याखाली दुसऱ्या कुठल्यातरी, अधिक रुंद बिल्ल्याची दोन जुनी भोके होती. मग मी चॅसिस बाहेर काढले. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला कधीच न वापरलेली चार भोके होती, म्हणजे ते निरनिराळ्या मांडण्यांना चालावे असे तयार विकले गेलेले चॅसिस होते. ट्रान्सफॉर्मर हाताने गुंडाळलेला होता आणि त्यावर कोणताही छाप नव्हता. जोडण्या मात्र इतक्या सुबक होत्या की सोल्डरचा एकही डाग ओघळलेला नव्हता.

वहीतली जुनी नोंद खोडून मी ‘असेंबल, पाच व्हॉल्व्ह, नोव्हल, डायलवर पुणे आहे’ असे लिहिले. कॅबिनेटच्या तळाच्या फळीवर, चॅसिसने झाकल्या जाणाऱ्या जागी, पेन्सिलने ‘शिरपूर’ एवढाच शब्द आहे. ते गाव गिऱ्हाइकाचे की बांधणाऱ्याचे, यासाठी पुढच्या महिन्यात शिरपूरला जाऊन दोन जुन्या दुकानदारांना तो फोटो दाखवायचा आहे.